डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीच्या रॉ-स्मॅकडाउन या शोंमध्ये फायटिंग कमी आणि माइकवर बोलणंच जास्त का असतं?
कारण दर आठवड्याच्या शोचं मेन काम मोठ्या मॅचची ओढ लावणं हे असतं, ती मॅच ते पुढच्या स्पेशल इव्हेंटसाठी राखून ठेवतात. मी हे शो बरीच वर्षं बघतोय आणि बेस्ट उदाहरण म्हणजे सामी झेन आणि रोमन रेन्स या कुस्तीगिरांची ब्लडलाइन (रोमनच्या फॅमिलीचा ग्रुप) स्टोरी. २०२२ मध्ये सामी त्या फॅमिलीत घुसला, त्या फॅमिलीतल्या जे उसोला सामी अजिबात आवडायचा नाही, मग नोव्हेंबरच्या वॉरगेम्समध्ये (दोन टीमची पिंजऱ्यातली मॅच) सामीने स्वतःचा जुना मित्र केव्हिन ओवेन्सला लो ब्लो (कमरेखाली फटका) मारला आणि जे उसोने सामीला मिठी मारली, तिथे पब्लिक जे ओरडलंय ना, ते कुठल्या फिनिशरला (मॅच संपवणाऱ्या डावाला) पण ओरडत नाही. जानेवारी २०२३ ला रॉयल रंबल या स्पेशल इव्हेंटमध्ये सामीने रोमनच्याच पाठीत खुर्ची घातली आणि त्यांची मॅच फेब्रुवारीत सामीच्या मॉन्ट्रियलमध्ये झाली. ही मॅच आधीच आठवड्याला फुकट दाखवून टाकली असती तर सगळी मजा गेली असती.

पण बोलणं जास्त म्हणजे स्टोरी चांगली असं अजिबात नाही. २०१२ पासून रॉ ३ तासांचा केला तेव्हा वेळ भरायला तेच प्रोमो (माइकवरची भाषणं), त्याच रीमॅच चालायच्या, खूप बोअर व्हायचं. बोलण्यामुळे पुढच्या मॅचमध्ये काही फरक पडत असेल तरच ते हवं. तुम्हाला फायटिंगच जास्त बघायची असेल तर एईडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती कंपनीचा डायनामाइट शो बघा, त्यात मॅचला जास्त वेळ देतात.