वाइन शॉप परवान्याचं, पण शेजारच्या प्लॉटचं काय?

प्रश्न: महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिका हद्दीत आमची सोसायटी आहे. गेटसमोरच वाइन शॉप. संध्याकाळनंतर दुकानाशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पिणाऱ्यांचा अड्डा बसतो. गेल्या 4 महिन्यांत 2 मारामाऱ्या झाल्या, एकीचं मंगळसूत्र खेचलं. पोलीस म्हणतात, दुकान परवान्याचं आहे. उत्पादन शुल्कवाले म्हणतात, गुन्हे पोलिसांकडे. आता पोरं दुकानाला टाळं ठोकायला निघालीत. सेक्रेटरी म्हणून मी काय करू?

उत्तर: ताई, आधी ते टाळं थांबवा. अडवणुकीचा गुन्हा तुमच्याच मुलांवर दाखल होईल आणि त्या दिवसापासून दुकानदार फिर्यादी, तुम्ही आरोपी.

तुम्ही पाठवलेली अर्जाची प्रत वाचली. ‘दारूमुळे परिसरात गुन्हेगारी वाढली असून दुकान तत्काळ बंद करावे’, आणि खाली चार पानं सह्या. असे अर्ज फायलीतच मरतात. अशाच एका प्रकरणात मी दुकानदाराचा वकील म्हणून उभा होतो तेव्हा एवढंच विचारलं होतं: कुठला गुन्हा, किती वाजता, आणि त्याचा दुकानाशी संबंध काय? समोर उत्तर नव्हतं. शिवाय माझं म्हणणं होतं की गुन्हे अंधारामुळे होतात, दुकानामुळे नाही. ते अर्धं खरंही होतं. गजबजलेल्या रस्त्यावरचं असंच दुकान वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं. बाटली, अंधार आणि हटकणारं कुणी नाही, हे तिन्ही एका जागी आलं की ती जागा बिघडते. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात 1989 च्या एका अभ्यासात दिसलं, की पोलिसांना आलेले साधारण निम्मे कॉल जेमतेम 3 टक्के ठिकाणांबद्दल होते. तेव्हा ‘परिसर’ हा शब्द सोडा. जागा आणि वेळ धरा.

एक साधी वही घाला. तारीख, वेळ, काय झालं, कुणी पाहिलं. दर वेळी 112 ला फोन करा. त्याची नोंद राहते. महिन्याने माहिती अधिकारात पोलीस ठाण्याकडून त्या जागेबद्दल आलेल्या कॉलची वेळेसह यादी मागा, आणि उत्पादन शुल्क कार्यालयाकडून परवान्याच्या अटी व तपासणीचे शेरे. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

आता त्या प्लॉटकडे बघा. वाइन शॉपला सीलबंद बाटली विकायची मुभा आहे, तिथे पाजायची नाही. तुम्ही लिहिलंय की शेजारचा टपरीवाला ग्लास आणि पाणी पुरवतो. पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता! खरं तर तुमचं सगळ्यात बळकट वाक्य तेच आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात असा अड्डा चालवणाऱ्यावर कलम 68 आणि तिथे पिणाऱ्यावर कलम 84 लागतं. दुकानदाराचा यात हात दिसला तर परवान्याच्या अटींचा भंग, म्हणजे कलम 54 खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. दारू पिऊन रस्त्यावर धिंगाणा घालणाऱ्यासाठी कलम 85 आहेच. त्यामुळे ‘परवान्याचं दुकान आहे’ हे पोलिसांचं उत्तर पुरेसं नाही.

वही आणि यादी हाती आली की जिल्हाधिकाऱ्यांकडे याच कायद्याच्या कलम 142 खाली अर्ज करा. सार्वजनिक शांततेसाठी ते दुकान ठरावीक वेळी किंवा ठरावीक काळ बंद ठेवायचा लेखी आदेश देऊ शकतात. मागणी बेताची ठेवा. कायमचं बंद म्हणालात तर फाइल अडते. त्रासाच्या तासांपुरतं मागितलंत तर अधिकाऱ्यालाही सही करणं सोपं जातं. दुकानदार धंद्याच्या हक्काची भाषा करेल. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही, हे सुप्रीम कोर्टाने खोडे डिस्टिलरीजच्या निकालात सांगून ठेवलंय.

‘आडवी बाटली’चं, म्हणजे दारू दुकान बंद करायचं मतदानही तुमच्या मनात आहे. 2008 च्या आदेशानुसार वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांच्या सह्या लागतात, त्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मेख अशी की बहुमत मोजलं जातं ते यादीतल्या मतदारांवर, आलेल्यांवर नाही. शहरी वॉर्डात निम्मे लोक घराबाहेर काढणं किती अवघड, ते तुम्हाला सोसायटीच्या वार्षिक सभेवरून माहीत असेल. म्हणून हा मार्ग शेवटी.

प्लॉटला कुंपण आणि दिवा यांचा अर्ज मात्र उद्याच द्या. त्याला जिल्हाधिकारी लागत नाहीत, वॉर्ड ऑफिस पुरे. पोच घ्यायला विसरू नका.