डुप्लेक्सर ट्यून केला, तरी पीटीटी (ट्रान्समिट करण्याचं बटण) लागताच रिपीटरचा रिसीव्हर बधिर का होतो?

रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि पुन्हा प्रक्षेपित करतो; एकाच अँटेनावर हे दोन्ही वेगळं ठेवणारा फिल्टर म्हणजे डुप्लेक्सर. तुमचा सेटअप असा: २ मीटर बँड, सहा पास-नॉच कॅव्हिटी (एक फ्रिक्वेन्सी सोडणारे आणि दुसरी अडवणारे धातूचे डबे), रिसीव्ह १४५.०००, ट्रान्समिट १४५.६००. नॅनोव्हीएनएवर (फिल्टर काय सोडतो, काय अडवतो ते दाखवणारं छोटं मोजयंत्र) पास छान दिसतो, पण ट्रान्समीटर चालू झाला की लांबची स्टेशनं खरखरीत बुडतात. माझा पहिला संशय नॉचवर, म्हणजे अडवणाऱ्या खाचेवर आहे.

आधी बाजू तपासा, इथे भलेभले गोंधळतात. ट्रान्समीटरकडच्या तीन कॅव्हिटी १४५.६०० सोडतात आणि १४५.००० अडवतात, कारण ट्रान्समीटरचा गोंगाट रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवरही पसरतो. रिसीव्हरकडच्या तीन बरोबर उलट.

आता जोडकेबल काढून एकेक कॅव्हिटी घ्या. व्हीएनएच्या दुसऱ्या पोर्टला ६ डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल घटवणारा जोड) लावून त्याच्यासकट कॅलिब्रेशन करा. मध्य १४५.३००, स्पॅन १ मेगाहर्ट्झ. १०१ बिंदूंत हे १० किलोहर्ट्झचे टप्पे होतात आणि नॉचचा तळ त्यांच्यामधून निसटू शकतो. म्हणून नॉच लावताना मध्य नॉचच्या फ्रिक्वेन्सीवर आणि स्पॅन २०० किलोहर्ट्झवर आणून पुन्हा कॅलिब्रेट करा.

पास लावताना रिटर्न लॉस (परत फिरणारा सिग्नल किती डीबीने कमी आहे ते) बघा. ट्रान्समिशनचा माथा सपाट असतो, त्यावर अचूक जागा सापडत नाही. रॉड सरकवून २० डीबी किंवा जास्त मिळवा, मग ट्रिमरने नॉच. नॉच हलला की पासही किंचित सरकतो, तेव्हा दोन-तीन फेऱ्या होतातच. लॉकनट आवळताना रॉड हाताने धरून नजर स्क्रीनवर ठेवा. नट घट्ट होता होता जागा बदलते, आणि ट्यूनिंग बिघडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

जोडकेबलची लांबी मोजून ठरवलेली असते, त्यामुळे हाताला येईल ती केबल लावू नका. तीन नॉचची बेरीज तिच्यावरच अवलंबून आहे.

सगळं जोडल्यावर नॉच ८५-९० डीबीपर्यंत जायला हवा, पण नॅनोव्हीएनएला साधारण ७० डीबीच्या खाली काही दिसत नाही. इथे सिग्नल जनरेटर आणि रिसीव्हरच कामाला येतात. ट्रान्समीटर काढून त्या पोर्टला ५० ओहमचा लोड लावा. अँटेना पोर्टमध्ये १४५.६०० वर ० डीबीएम द्या, रिसीव्हर पोर्टला त्याच फ्रिक्वेन्सीवरचा रिसीव्हर जोडा आणि सिग्नल कमीत कमी होईपर्यंत, लागेल तशी जनरेटरची पातळी घटवत, त्या बाजूचे तीन ट्रिमर हळूहळू फिरवा. दुसऱ्या बाजूसाठी हेच १४५.००० वर करा: रिसीव्हर ट्रान्समीटर पोर्टला, लोड रिसीव्हर पोर्टला. ५० वॅट म्हणजे +४७ डीबीएम. ८५ डीबी अडवूनही −३८ डीबीएम रिसीव्हरपर्यंत पोचतात, म्हणून इथला एकेक डीबी मोलाचा आहे.

शेवटची चाचणी डमी लोडवर घ्या. कपलरमधून (लाइनमध्ये थोडासाच सिग्नल सोडणारा जोड) १२ डीबी सिनॅडचा, म्हणजे जेमतेम समजेल इतका कमजोर सिग्नल देऊन पीटीटी दाबा. डमी लोडवर स्वच्छ आणि अँटेनावर बधिर, तर दोष फीडर, कनेक्टर किंवा अँटेनात आहे. डमी लोडवरही बधिर, तर डुप्लेक्सरबाहेरच्या केबल बघा. एकेरी जाळीची आरजी-५८ गळते, तिथे आरजी-२१४ किंवा आरजी-४०० हवी. फॉइल आणि जाळी असलेली एलएमआर-४०० कमी लॉसची असली तरी डुप्लेक्समध्ये आत घासून खरखर करते, ती मी लावणार नाही.

पॉवर चालू असताना ट्रिमरला हात लावू नका. आणि पास लॉस १.५ डीबी आला, म्हणजे ५० वॅटचे ३५ उरले, तर ते चालवून घ्या. तो कमी करण्यासाठी नॉच उथळ करू नका.