मुलीने वॉक बुक केलाय, मला तर फक्त वाचायचं होतं

पत्र असं आहे, थोडक्यात देते: "ताई, वय ६१, डोंबिवली. रिटायर झाल्यापासून इंग्लंडच्या समुद्रकाठाने आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या लोकांची पुस्तकं वाचायचं वेडच लागलंय मला. लेक ब्रिस्टलला असते. तिने सरप्राइज म्हणून मे महिन्यात आम्हा दोघींचं माइनहेड ते कूम मार्टिन चार दिवस चालणं बुक करून टाकलं. माझे गुडघे कुरकुरतात. हे म्हणतात, एवढं वाचलंस ना, आता चालून दाखव. लेकीचं मन मोडायचं नाहीये, पण झोप उडालीय."

काकू, आधी काकांचा निकाल लावू. परिक्रमेची पुस्तकं पारायण केल्यासारखी वाचणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांना कोणी विचारतं का की तुम्ही कधी निघताय म्हणून? वाचायला आवडतं म्हणून वाचता, विषय संपला.

आता खरा मुद्दा. तुम्हाला वाटतंय आपण घाबरट आहोत, मला वाटतंय तुम्हाला लेकीपेक्षा जास्त माहितीये. ती बघतेय साधारण ५५ किलोमीटर भागिले चार, म्हणजे रोजचे चौदा, त्यात काय एवढं. तुम्ही वाचलंय की हा पट्टा ज्या वाटेचा तुकडा आहे ती साउथ वेस्ट कोस्ट पाथ, इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्याची पायवाट, सगळी मिळून १,०१४ किलोमीटर आणि तिच्यातला चढ जोडत गेलं तर ३५,००० मीटर, म्हणजे एव्हरेस्टची उंची जवळपास चार वेळा. आणि ती तशी का आहे हेही तुम्हाला ठाऊक असणार, ही वाट मूळची तटरक्षकांची, स्मगलर लपायचे म्हणून प्रत्येक घळीत, प्रत्येक खाचेत डोकावून बघावं लागायचं, त्यामुळे वाट कड्यावरून खाली उतरते, परत वर चढते, परत उतरते, दिवसभर हेच. त्यात लेकीने निवडलाय एक्समूरचा, म्हणजे डोंगराळ माळरानाचा पट्टा! कूम मार्टिनच्या जरा अलीकडे ग्रेट हँगमन नावाची टेकडी आहे, ३१८ मीटर, अख्ख्या वाटेवरचा सगळ्यात उंच पॉइंट, आणि तो तुमच्या वाट्याला येणार शेवटच्या दिवशी, थकल्यावर. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो हे मी सांगायला नको. पुस्तकात ते दुखणं दोन ओळीत उरकतं आणि पुढच्या पानावर लेखक चहा पीत बसलेला असतो, तुम्हाला मात्र ते उतार पायरी पायरीने उतरायचेत.

तर लेकीला आत्ताच सांगा, मे उजाडेपर्यंत थांबू नका. पण "मला जमणार नाही" एवढंच म्हणून फोन ठेवू नका, पर्याय द्या. माझ्या मते चारही दिवस याच पट्ट्यातल्या, कड्यावरच्या लिंटन गावात मुक्काम टाका. तिथून व्हॅली ऑफ रॉक्स नावाच्या खडकाळ दरीकडे नॉर्थ वॉक नावाची डांबरी पायवाट जाते, ती त्याच कोस्ट पाथचा भाग आहे, दीडेक किलोमीटर, बऱ्यापैकी सपाट, एका बाजूला सरळ खाली समुद्र आणि कड्यांवर रानटी बकऱ्या. खाली समुद्राकाठच्या लिनमथ गावाला उतरायला १८९० सालची क्लिफ रेल्वे आहे, पाण्याच्या वजनावर चालते, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो. गुडघ्यांसाठी यापेक्षा चांगली सोय त्या किनाऱ्यावर मला तरी माहीत नाही. लेकीला दमवणारं चालायचंच असेल तर एक दिवस तिला याच वाटेवरचा पोरलॉक वियर ते लिनमथ टप्पा एकटीला चालू दे, तुम्ही लिनमथच्या बंदरावर पुस्तक घेऊन बसा.

आणि प्लॅनिंग तुमच्याकडे घ्या. याच वाटेवर, डेव्हनमधली एर्म नदी, तिथे ना पूल ना होडी, ओहोटीच्या आगेमागे तासाभरातच पाण्यातून पार करावी लागते, हे डोंबिवलीत बसून ज्या बाईला माहीत असतं तिने "मी काय नुसती वाचणारी" म्हणायचं? (तुमच्या पट्ट्यात ती नदी नाही, काळजी नको.)

सरप्राइजवर पाणी पडलं म्हणून लेक दोन दिवस फुगेल, फुगू दे. तिला साधा मेसेज करा, "तुझ्याबरोबर यायचंच आहे, पण त्या उतारांवर माझे गुडघे टिकणार नाहीत, हे बघ मी काय शोधलंय." सोबत नकाशा पाठवा. राहायची बुकिंग कुठल्या तारखेपर्यंत फुकट कॅन्सल होतायत ते आधी विचारा. आणि ऑर्थोपेडिकला दाखवून घ्या, चालायच्या काठ्या दोन घ्या, एकीने भागत नाही.