म्युनिकहून एका दिवसात रेगेन्सबुर्ग

पहिलीच वेळ असेल तर रोथेनबुर्ग या पर्यटकांच्या आवडत्या जुन्या गावाचा हट्ट सोडा, रेगेन्सबुर्ग गाठा. रीजनल ट्रेनने साधारण दीड तास. बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या रीजनल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट, पाच जणांत एकच पुरतं. मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं, आणि आयसीई या वेगवान गाड्यांत अजिबात नाही.

डॅन्यूबवरचा दगडी पूल बाराव्या शतकातला. पार पलीकडे जा आणि मग मागे वळून बघा. कॅथेड्रलचे जोडमनोरे तिथूनच खरे दिसतात. पुलाशेजारी कोळशावर भाजलेली सॉसेज मिळतात. डुकराची असतात, न खाणाऱ्यांनी डबा न्यावा हे बरं. पोर्टा प्रेटोरिया चुकवू नका: इ.स. १७९ च्या रोमन छावणीचं दार, नंतरच्या इमारतीच्या भिंतीतच चिणलेलं. लोक बघताबघता पुढे निघून जातात. खरेदी करायची असेल तर रविवार टाळा, दुकानं बंद असतात.