वाचकांचे प्रश्न : सौर भिंत रात्री गार का पडते?

प्रश्न : दक्षिणेकडच्या भिंतीला काळा रंग देऊन पुढे काच बसवली आहे. भिंतीत वर आणि खाली झरोके ठेवले आहेत. दिवसा खोली छान उबदार होते, पण पहाटे शेजारच्या साध्या खोलीपेक्षाही गार वाटते. चूक कुठे झाली?

उत्तर : तुमचे झरोके रात्रभर उघडे राहतात. दिवसा काचेमागची हवा तापून वर चढते आणि वरच्या झरोक्यातून खोलीत येते. तिची जागा घ्यायला खोलीतली गार हवा खालच्या झरोक्यातून पोकळीत जाते. रात्री भिंतीतली ऊब ओसरली की हेच चक्र उलटं फिरतं. काचेला लागलेली हवा गार होऊन खाली बसते आणि खालून खोलीत शिरते. खोलीतली उबदार हवा मग वरच्या झरोक्यातून पोकळीत ओढली जाते आणि काचेवाटे तिची उष्णता बाहेर जाते.

खात्री करायची असेल तर पहाटे खालच्या झरोक्यासमोर पेटती उदबत्ती धरा. दुपारी धूर झरोक्यात ओढला जातो. पहाटे तो तुमच्या अंगावर आला, तर निदान पक्कं.

उपाय सोपा आहे. वरच्या झरोक्याला खोलीच्या बाजूने बारीक जाळी ठोका. जाळीवर चारी बाजूंनी सेंटीमीटरभर मोठी अशी पातळ प्लास्टिकची फिल्म लावा, पण फक्त वरच्या कडेने चिकटवा. पोकळीतून येणारी गरम हवा तिला उचलते. प्रवाह उलटला की फिल्म जाळीवर चपकन बसते. जाड शीट घेऊ नका, मंद प्रवाहाने ती हलतच नाही. जाळी मोठ्या छिद्रांची असेल तर फिल्म आत ओढली जाते. उन्हाने नि उष्णतेने फिल्म कडक होते, कोळिष्टकांनी अर्धवट उघडी अडकते. म्हणून थंडी सुरू होण्याआधी दरवर्षी ती हाताने हलवून पाहा.

खोली फक्त झोपण्यासाठी असेल, तर आमचं स्पष्ट मत आहे की झरोके बुजवून टाका. भिंतीतून सावकाश झिरपणारी ऊब रात्रीसाठी पुरते. दिवसा वापरायच्या खोलीत मात्र झरोके हवेतच. १० चौरस मीटर भिंतीला वरच्या ओळीत मिळून सुमारे १,००० चौरस सेंटीमीटर जागा पुरेशी होते, म्हणजे २५ बाय १० सेंटीमीटरचे चार झरोके. खालच्या ओळीतही तेवढेच.

प्रश्न : भिंत किती जाड असावी? हलके एएसी (सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक चालतील का?

उत्तर : एएसी ब्लॉक नकोत. त्यांच्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे ते उष्णता साठवतही नाहीत आणि आत पोचूही देत नाहीत. भरीव वीट २५ ते ३५ सेंटीमीटर किंवा काँक्रीट ३० ते ४५ सेंटीमीटर घ्या. काँक्रीटमधून उष्णता लवकर सरकते, म्हणून ते जास्त जाड लागतं. पोकळ ब्लॉकच वापरायचे असतील तर पोकळ्या काँक्रीटने भरा. उष्णता भिंतीतून सरासरी ताशी अडीच सेंटीमीटर सरकते असं धरलं, तर २० सेंटीमीटरच्या भिंतीत दुपारी १२ची ऊब रात्री ८च्या सुमारास आत पोचू लागते. फ्रेंच अभियंते फेलिक्स ट्राँब यांनी १९६७ साली फ्रान्समधल्या ओदेयो इथल्या घरात ही पद्धत वापरली. त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते.

आतल्या बाजूला कपाट, लाकडी पॅनेल किंवा जाड पडदा लावू नका. एवढी खटपट करून तापवलेली भिंत कपाटामागे झाकली, तर ऊब कपाटालाच मिळते.

प्रश्न : उन्हाळ्यात घराची भट्टी होणार नाही ना?

उत्तर : काचेच्या वर छज्जा काढा. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य उंच असतो, काच सावलीत राहते. हिवाळ्यात तो खाली असल्याने ऊन आत येतं. वरचे झरोके बंद करून पोकळीच्या माथ्याला बाहेर उघडणारी झडप ठेवा.

प्रश्न : मोठ्या कार्यशाळेसाठी छिद्रांच्या पत्र्याची सौर भिंत सुचवली गेली आहे. त्यात काच नाही, मग हवा तापते कशी?

उत्तर : गडद रंगाचा, बारीक छिद्रांचा पत्रा मूळ भिंतीपासून १० ते २० सेंटीमीटर पुढे बसवतात आणि पंखा छिद्रांतून बाहेरची ताजी हवा ओढतो. पत्र्याला चिकटून तापलेला हवेचा थर वाऱ्याने उडून जाण्याआधीच आत खेचला जातो. काच लागत नाही ती यामुळेच.

प्रति चौरस मीटर ६०० वॅट ऊन असेल आणि त्यातलं ६० टक्के कामी आलं, तर पत्र्याच्या दर चौरस मीटरमागे ताशी १०० घनमीटर हवा साधारण ११ अंशांनी तापते. हवा अजून गरम व्हावी म्हणून पंखा मंद करण्याचा मोह होतो, पण ओढ कमी झाली की पत्रा तापतो, उष्णता बाहेर जाते आणि वाऱ्याच्या झोतात काही छिद्रांतून हवा उलटी निसटते. कडांच्या फटी सीलंटने नीट बुजवा, नाहीतर पंखा छिद्रं सोडून फटींतूनच गार हवा ओढतो.

ही भिंत उष्णता साठवत नाही, म्हणून ती दिवसा चालणाऱ्या आणि सतत ताजी हवा लागणाऱ्या जागांसाठीच योग्य. रात्री पंखा बंद आणि डॅम्पर (हवेची वाट अडवणारी झडप) घट्ट मिटलेला हवा. उन्हाळ्यात हवा पत्र्यामागून न घेता थेट बाहेरून घेणारा वेगळा मार्ग डक्टमध्ये (हवा वाहून नेणाऱ्या नळीत) आधीच काढून ठेवा. नंतर तो काढायचा तर डक्ट कापावा लागतो.