हरलो तर सगळे, जिंकलो तर सगळे

प्रश्न : जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी गाळ उपसण्याचे आणि शिधा पोहोचवण्याचे काम मनापासून केले, मात्र एका गल्लीत तीन गट पोहोचले आणि शेजारच्या गल्लीत कोणीच गेले नाही. आताच्या पथकाला सहकारी बोर्ड गेममधून संकटाचे नियोजन शिकवता येईल का?
— कार्यक्रम अधिकारी, चिपळूण

उत्तर : येईल, आणि त्यासाठी मी मॅट लीकॉक यांचा २००८ साली आलेला ‘पँडेमिक’ हा खेळ सुचवेन. यात खेळाडू एकमेकांविरुद्ध नव्हे, तर चार रोगांच्या साथींविरुद्ध एकत्र खेळतात. पटावर जगाचा नकाशा असतो आणि शहरातली लागण छोट्या ठोकळ्यांनी दाखवतात. एखाद्या शहरात एकाच रोगाचे तीन ठोकळे असताना चौथा ठेवण्याची वेळ आली, की उद्रेक होतो. दिल्लीत तो झाला, तर मुंबई, चेन्नई, कोलकाता, कराची आणि तेहरान या पाचही शेजारी शहरांत एकेक ठोकळा पडतो, आणि मुंबईत आधीच तीन असतील, तर तिथेही लगेच उद्रेक होतो. असे आठ उद्रेक झाले, की सगळे हरतात.

प्रत्येकाला एका पाळीत चारच कृती मिळतात. नवखा गट त्या सगळ्या ठोकळे उचलण्यात घालवतो; परंतु जिंकण्यासाठी चारही रोगांवर उपाय शोधावा लागतो आणि तोवर खेळाडूंनी ओढायच्या पत्त्यांचा गठ्ठा संपून डाव हातचा जातो. दिसेल तिथे धावणे म्हणजे नियोजन नव्हे, हे मुलांना इथे अर्ध्या-पाऊण तासात कळते. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. साथ भडकल्याचा पत्ता निघाला, की आधी बाधित झालेल्या शहरांचे पत्ते पिसून पुन्हा लागणीच्या वेगळ्या गठ्ठ्याच्या वर ठेवले जातात, म्हणजे संकट बहुधा त्याच ठिकाणी परत येते. पुराचे पाणीही पुन्हा त्याच सखल भागात शिरते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

एक धोका मात्र ओळखून ठेवा. गटातला एखादा हुशार, बोलका विद्यार्थी सगळ्यांच्या खेळी स्वतःच ठरवू लागतो आणि बाकीचे निमूटपणे सोंगट्या हलवतात. तसे झाले तर शिकणे तिथेच थांबते. म्हणून प्रत्येकाने आपले पत्ते हातातच ठेवावेत, बोलून माहिती द्यावी आणि शेवटचा निर्णय ज्याची पाळी त्याचाच असावा. खेळ चौघांचा असला, तरी एका खेळाडूच्या जागी दोघांना बसवल्यास आठ जण सामावतात आणि जोडीदाराला समजावून सांगताना विचारही स्पष्ट होतो.

पहिला डाव बहुतेक हरालच. तेव्हा पट लगेच आवरू नका. कोणाला काय ठाऊक होते आणि ते कोणी सांगितले नाही, हे प्रत्येकाकडून ऐकून घ्या. त्यानंतर त्याच टेबलावर चिपळूणचा नकाशा पसरा आणि २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीचे पाणी आधी कोणत्या गल्ल्यांत शिरले, तिथे पहिल्या तासात कोणी जायचे आणि निरोप कोणाला द्यायचा, हे मुलांनाच पेन्सिलीने लिहू द्या.