शिकागोचा ‘अल्डरमन’ मराठीत कोण?

एका वाचकांनी विचारलं आहे: “माझा भाचा शिकागोत असतो. मागच्या गल्लीतला दिवा बंद होता म्हणून ‘अल्डरमन’कडे तक्रार केली, असं तो फोनवर सांगत होता. त्याला मराठीत नगरसेवक म्हणावं का? आणि सिटी कौन्सिल म्हणजे आपली नगरपरिषदच ना?”

नगरसेवक म्हणा, खुशाल म्हणा. नगरपरिषद मात्र नको.

‘अल्डरमन’चं मूळ जुन्या इंग्रजीत आहे, अर्थ वडीलधारा माणूस. आपल्याकडे वर्तमानपत्रं नगरसेवकांना ‘नगरपिते’ म्हणायची, अजूनही टोमणा मारायचा असला की म्हणतात. त्याच जातकुळीतला हा शब्द. त्यातल्या ‘मन’वरून तिकडे बराच खल झाला आणि २०२१ मध्ये इलिनॉय राज्याने कायद्यात ‘अल्डरपर्सन’ केलं. बोलताना लोक अल्डरमन, अल्डरवुमन, नाहीतर नुसतं ‘अल्डर’ म्हणून मोकळे होतात. नगरपित्यालाही हीच अडचण आहे. नगरसेवक-नगरसेविका या जोडीला नाही.

एक खबरदारी घ्या. भारतातल्या बातम्यांत ‘अल्डरमन’ येतो तो बहुधा दिल्लीचा. तिथे नायब राज्यपाल महापालिकेवर १० जणांची नेमणूक करतात, त्यांना हे नाव आहे. या नेमणुकांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये निकाल नायब राज्यपालांच्या बाजूने लागला. ही मंडळी म्हणजे साधारण आपले स्वीकृत नगरसेवक: निवडून आलेले नाहीत आणि सभागृहात मतही नाही. शिकागोत सगळं याच्या उलट. शहराचे ५० वॉर्ड, दर वॉर्डातून एक अल्डरमन, मुदत ४ वर्षं. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, आणि निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते.

नगरसेवक हा शब्द किती चपखल बसतो ते आकड्यांतही दिसतं. शिकागोची लोकसंख्या २७ लाखांच्या वर, म्हणजे वॉर्डामागे सुमारे ५५ हजार माणसं. मुंबईची २०११ च्या जनगणनेची १ कोटी २४ लाख लोकसंख्या २२७ प्रभागांत वाटली तर उत्तर तेच, ५५ हजारांच्या आसपास. योगायोगच, पण गमतीचा. (लॉस एंजेलिसमध्ये ३८ लाखांवर लोक आणि सदस्य अवघे १५. तिथे दिव्याची तक्रार घेऊन थेट सदस्याला गाठणं जरा कठीणच.)

कामंही ओळखीची आहेत. रस्ते, पदपथ, दिवे यांसाठी दर वॉर्डाला वर्षाला साधारण १५ लाख डॉलर मिळतात. महापालिका कामांची दरांसकट यादी देते, अल्डरमनने त्यातून निवडायचं. म्हणून या पैशाला ‘मेन्यू मनी’ म्हणतात. मराठीत सरळ ‘नगरसेवक निधी’ लिहा. रॉजर्स पार्क भागातल्या ४९ व्या वॉर्डात तर बऱ्याच वर्षांपासून या निधीतून काय करायचं यावर रहिवासीच मतदान करतात.

आपल्या नगरसेवकाला ज्याचा हेवा वाटेल ती गोष्ट वेगळीच आहे. दुकानाची पाटी किंवा छज्जा पदपथावर येणार असेल, अपंग व्यक्तीच्या घरासमोर गाडीची राखीव जागा हवी असेल, तर असे विषय सभागृहाच्या कार्यक्रमपत्रिकेवर येतात आणि एकगठ्ठा मंजूर होतात. जमिनीच्या वापरात बदल हवा असेल तर त्या वॉर्डाच्या अल्डरमनचा होकार नसताना तो सहसा पुढे सरकत नाही. बाकीचे ४९ त्याचं ऐकतात, कारण उद्या आपल्या वॉर्डात त्याने आपलं ऐकायला हवं. याचं इंग्रजी नाव ‘अल्डरमॅनिक प्रिरॉगेटिव्ह’. शब्दकोश पाहून कुणी ‘विशेषाधिकार’ लिहील, पण त्याने हक्कभंगाची कलमं डोळ्यासमोर येतात. हा तर निव्वळ अलिखित रिवाज. ‘वॉर्ड ज्याचा, शब्द त्याचा’ असं लिहिलं तर अर्थ पोचेल. त्यातून काय होऊ शकतं तेही शिकागोने पाहिलंय. एड बर्क १९६९ ते २०२३ अशी ५४ वर्षं अल्डरमन होते. अडलेल्या व्यावसायिकांचं काम आपल्या वकिली कचेरीकडे वळवू पाहिल्याबद्दल २०२३ च्या डिसेंबरात ते खंडणीसह अनेक आरोपांत दोषी ठरले.

आता कौन्सिल. आपल्याकडे नगरपरिषद म्हणजे महापालिकेहून छोट्या शहराची संस्था, त्यामुळे ‘शिकागो नगरपरिषद’ वाचून डोळ्यासमोर बारामती येते. ‘महापालिका सभागृह’ म्हणा. ‘मेयर’साठी महापौर रूढ आहे, तो राहू दे, पण आपल्या महापौरांच्या हाती अध्यक्षस्थान असतं आणि कारभार आयुक्त हाकतात. शिकागोचा महापौर थेट लोकांतून निवडून येतो, सभेचं अध्यक्षस्थान भूषवतो आणि कारभारही चालवतो. तरी सभागृह अडवू शकतं. १९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले तेव्हा २९ जणांचा गट त्यांच्या विरोधात उभा राहिला, बाजूने २१. त्या २९ जणांनी समित्या ताब्यात घेतल्या, नेमणुका रोखून धरल्या. पण महापौरांचा नकाराधिकार मोडायला ३४ मतं लागतात, ती त्यांच्याकडे नव्हती. १९८६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ७ वॉर्डांत पुन्हा निवडणूक झाली, पारडं २५-२५ झालं आणि निर्णायक मत महापौरांचं ठरलं. अलीकडे, २०२४ च्या नोव्हेंबरात, महापौर ब्रँडन जॉन्सन यांची मालमत्ता करात ३० कोटी डॉलरच्या वाढीची सूचना सभागृहाने ५० विरुद्ध ० अशी फेटाळली.

विचारलेलं नसलं तरी एक शब्द सांगतो, कारण बातम्यांत तो हमखास चुकतो. ‘ऑर्डिनन्स’ म्हणजे आपल्याला अध्यादेश, सभागृह चालू नसताना सरकारने काढलेला. अमेरिकी शहरांत ऑर्डिनन्स म्हणजे सभागृहाने मंजूर केलेला शहराचा कायदा. २००६ मध्ये शिकागोत फ्वा ग्रा, म्हणजे बळेबळे चारून फुगवलेल्या बदकाचं यकृत, विकायला बंदी झाली. ‘अध्यादेश काढून बंदी’ असं लिहिलं की ती महापौरांच्या नावावर जमा होते. प्रत्यक्षात महापौर रिचर्ड एम. डेली त्या कायद्याची उघड टर उडवत होते, आणि दोन वर्षांनी सभागृहानेच तो मागे घेतला.